इन्शुलिनचा कंटाळा : मुलांना सोबत हवी

मधुमेह म्हटला की पन्नाशीची, थोडी स्थूल व्यक्ती डोळ्यांसमोर येते. पण हा आजार लहान मुलांनाही होतो. मुलांमध्ये बहुतेक वेळा आढळणाऱ्या प्रकाराला टाईप-१ मधुमेह म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करते. जास्त गोड खाल्ल्याने हा आजार होत नाही, त्यामुळे आईवडिलांनी स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला प्रथम इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी अशी मुले दगावत. आज ही मुले शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. अट एकच, इन्शुलिन रोज आणि जन्मभर घ्यायचे.

नेमके हेच १२ ते २० या वयात अवघड जाते. लहानपणी आई इंजेक्शन देते आणि मूल घेते. पुढे मित्रांसमोर पोटाला सुई टोचायची लाज वाटते. साखर एकदम कमी होऊन वर्गात चक्कर येईल ही भीती असते. काही मुली वजन वाढेल म्हणून डोस कमी घेतात. शिवाय दिवसाला चार इंजेक्शने म्हणजे वर्षाला १४६० होतात. अशा वेळी कोणालाही कंटाळा येईल.

आणखी एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. वयात येताना शरीरातील संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा परिणाम कमी होतो व त्याची गरज वाढते. मुलाने सारे पथ्य पाळूनही साखर वाढू शकते. प्रत्येक वेळी "चोरून काय खाल्लेस?" असे विचारले की मूल खरे सांगणे सोडते. मग वहीत सुरेख आकडे दिसतात, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी वेगळेच सांगते. आकडा वाईट आला तरी आधी "खरे लिहिलेस, बरे झाले" म्हणा. खऱ्या आकड्यावरूनच डॉक्टरांना डोस ठरवता येतो.

घरी काय करावे?

१. दहावीला गेला म्हणून सारी जबाबदारी एकदम मुलावर टाकू नका. इंजेक्शन त्याने घ्यावे, पण त्या वेळी घरातील कोणीतरी जवळ असावे. हळूहळू एकेक काम त्याच्याकडे सोपवा.

२. इंजेक्शनची सांगड जेवणाशी घाला. घरात जेवणाची वेळ ठरलेली असेल तर विसर कमी पडतो.

३. रोज एकाच जागी टोचू नका. तेथे गाठ होते आणि इन्शुलिन नीट शोषले जात नाही.

४. वर्गशिक्षक आणि एका जवळच्या मित्राला आजाराची कल्पना द्या. घाम, थरथर, अचानक भूक, चिडचिड ही साखर कमी झाल्याची लक्षणे आहेत. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे.

५. डॉक्टरांकडे मुलाला थोडा वेळ एकटे बोलू द्या. आईवडिलांसमोर न सांगितलेले तेथे बाहेर येते.

ताप आला, जेवण गेले म्हणून इन्शुलिन बंद करू नये. आजारपणात साखर उलट वाढते. साखर वारंवार तपासून डोस डॉक्टरांना विचारावा. उलट्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी ही लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नका. रक्तात आम्ल वाढल्याची ती खूण असून काही तासांत जिवावर बेतू शकते.

"आमच्या काढ्याने इन्शुलिन सुटेल" असे सांगणारे गावोगावी भेटतात. निदानानंतर काही मुलांची इन्शुलिनची गरज काही काळ बरीच कमी होते. काढा सुरू असताना असे घडले की काढ्याला यश मिळाल्यासारखे वाटते. तो काळ संपतो आणि काढ्याच्या भरवशावर इन्शुलिन सोडलेले मूल गंभीर अवस्थेत रुग्णालयात येते.

मुलीच्या बाबतीत लग्न जमणार नाही म्हणून आजार लपवला जातो. लपवलेल्या आजाराची सुई सासरी सर्वांदेखत घेता येत नाही, आणि मग ती चुकते. लग्नापूर्वी स्पष्ट सांगावे. साखर आटोक्यात ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली अशा मुली सुखरूप बाळंत होतात.

आज रात्री मुलगा इंजेक्शन घ्यायला बसला की दोन मिनिटे हातातले काम ठेवा आणि त्याच्याजवळ बसा. बोलायचे ते शाळेचे, क्रिकेटचे बोला.