खिळे तोलायला देण्याआधी

छापखाना मोडतो तेव्हा यंत्राच्या आधी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जातात. सदाशिव पेठेतल्या, ट्रेडल यंत्रावर चालणाऱ्या एका छापखान्यात मी ते जाताना पाहिले. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या यांचे खण निराळे. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटर काकांचा हात इतकी वर्षं न बघता नेमक्या खणात जायचा. केस पोत्यावर उपडी झाली आणि क्ष, ज्ञ, अर्धा स, काने, मात्रा यांचा एकच करडा ढीग झाला. तो ढीग पुन्हा कोणी निवडणार नव्हतं. काका काही बोलले नाहीत, पुढची केस ओढायला लागले.

भंगारवाल्याला त्यात फक्त धातू दिसतो, आणि तो धातू खरोखरच विचार करून बनवलेला आहे. नुसतं शिसं छपाईच्या दाबाखाली चेपतं. त्यात अँटिमनी घातलं की ते कडक होतं आणि गार होताना फारसं आकसत नाही, म्हणून साच्यातून अक्षराची कड रेखीव निघते. कथिलामुळे ओतकाम सोपं होतं. खिळ्याची उंची ०.९१८ इंच. केसभर फरक पडला तरी अक्षर पुसट उठतं. मग काका तेवढ्याच जागी मागून पातळ कागदाचा कपटा चिकटवून दाब सारखा करायचे. एका लग्नपत्रिकेसाठी एवढी निगुतीची कामं होत असत.

तरीही ही पद्धत गेली ते बरंच झालं, असं मला वाटतं. मराठीला शेकडो खिळे लागत. त्यांची संख्या कमी व्हावी म्हणून खुद्द लोकमान्य टिळकांनी खटपट केली होती. दिवसभर उभं राहून उलटी अक्षरं वाचायची, छपाई झाली की तेच खिळे पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, आणि बोटांना सतत शिसं. संगणकाने ही मेहनत संपवली. ट्रेडलला मात्र पावत्यांवर नंबर टाकणं, घड्या पाडणं, खोकी कापणं अशी कामं मिळाली, म्हणून काही ट्रेडल अजून धडधडतात.

हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. खिळा वितळला की अक्षराचं ते वळण जातं, अक्षराचा मूळ ठसा (पंच) कोरणाऱ्याच्या हाताचं. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं वळण आज आपल्याला त्याच्या पुस्तकांतून तरी दिसतं. गल्लीबोळातल्या छापखान्यांच्या पत्रिका आणि हस्तपत्रकं कोण जपून ठेवतं?

तुमच्याकडे अजून केस भरलेल्या असतील तर उपड्या करण्याआधी प्रत्येक खणातला एकेक खिळा ओळीने जुळवा आणि स्वच्छ प्रूफ काढा. त्यावर टाइपाचा आकार आणि ठाऊक असल्यास फाउंड्रीचं नाव लिहा. एक भरलेली केस जवळच्या कलामहाविद्यालयाला द्या. उरलेले खिळे खुशाल तोलायला द्या. घरच्या चुलीवर मात्र वितळवू नका. शिशाचा धूर लहान मुलांना फार घातक असतो.