कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा
ग्राफिक्स कार्ड बदलायचं ठरलं की बहुतेक जण आधी किंमत बघतात. त्याआधी पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात; ८ पिनांची केबल आणखी १५० वॉट देते. ती केबलच नसेल, तर मोठ्या कार्डाचा नाद सोडा.

मेमरीबाबत मात्र मी आग्रही आहे. आरटीएक्स ४०६० जेमतेम ११५ वॉटवर चालतं, पण मेमरी ८ जीबीच. आधीच्या ३०६० मध्ये १२ जीबीचा पर्याय होता, वीज मात्र १७० वॉट. गेमचे टेक्श्चर मेमरीत मावले नाहीत, की ते रॅममधून ओढावे लागतात आणि चित्र अडखळतं. त्यात ४०६० मदरबोर्डाशी डेटाच्या देवाणघेवाणीसाठी फक्त ८ लेन वापरतं; जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० बोर्डावर ही रखडपट्टी जास्तच जाणवते.

आणि हो, कॅबिनेटमधली जागा टेपने मोजून घ्या.