गिझर घेण्यापूर्वी भिंत पाहा, पाणी पाहा

थंडी सुरू झाली की विजेच्या सामानाच्या दुकानांत गिझरच्या खोक्यांची थप्पी लागते. विरार पूर्वेच्या फुलपाड्यातही हेच दिसते. चाळीतून इमारतीत गेलेली कुटुंबे, सकाळची लोकल गाठणारे नोकरदार, फजरच्या वुजूसाठी कोमट पाणी लागणारी वडीलधारी मंडळी, सर्वांनाच आता गिझर हवा असतो. गिऱ्हाईक दुकानात जाऊन दोनच प्रश्न विचारते, किती लिटरचा आणि किती रुपयांचा? आमच्या मते हे प्रश्न तिसरे आणि चौथे आहेत. पहिला प्रश्न, गिझर बसणार कोठे? दुसरा, त्यात पाणी कोणते जाणार? या दोन प्रश्नांकडे पाठ फिरवून घेतलेला गिझर पैसा खातो आणि कधी कधी जीवही घेतो.

पाण्याची पारख

आम्ही कापडाच्या धंद्यातले. गिझर विकत नाही, दुरुस्तही करत नाही. पण पाण्याने माल कसा बिघडतो, हे कापडवाल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. भिवंडीच्या सायझिंग कारखान्यांत वाफेसाठी बॉयलर असतो. त्यात क्षाराचे पाणी तसेच सोडले तर आत पांढरा थर चढतो, जळण जास्त लागते आणि वाफ कमी मिळते. म्हणून जाणता मालक पाणी आधी मऊ करून घेतो. रंगाईतही जड पाण्याने कापडावर डाग पडतात आणि रंग फिका उतरतो. घरातल्या गिझरचे दुखणे याच जातीचे आहे.

जड पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की ते वेगळे होऊन खडूसारखे एलिमेंटवर बसतात. पाणी जितके कडक तापवावे तितका थर लवकर जमतो. थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, एलिमेंट स्वतःच तापत राहते आणि शेवटी जळते. पाण्यात मीठ जास्त असेल तर टाकीला गंज लागून ती गळू लागते.

फुलपाड्याच्या शेजारी पापडखिंडीचे धरण आहे. वसई-विरारच्या नळाला सूर्या, उसगाव आणि पेल्हार या धरणांचे पाणी येते. तरीही अनेक इमारतींना बोअरवेल आणि टँकरचा आधार घ्यावा लागतो. धरणाचे पाणी बहुधा मऊ असते. बोअरचे पाणी मात्र प्रत्येक जागी वेगळे. बऱ्याच इमारतींत सर्व पाणी एकाच टाकीत पडते आणि आपल्या नळाला नेमके काय येते हे घरमालकालाही ठाऊक नसते.

ते ओळखण्याची एक सोपी रीत आहे. स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, त्यात साध्या साबणाचा छोटा तुकडा टाका आणि जोराने हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ. फेस कमी आणि वर दह्यासारखा साका जमला तर पाणी जड. यासाठी कपड्यांची पावडर वापरू नये, कारण तिचा फेस जड पाण्यातही येतो. हल्ली मिळणारे टीडीएसचे मीटर एकूण विरघळलेले पदार्थ दाखवते, जडपणा वेगळा दाखवत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणी हवी. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. सोसायटीने वर्षातून एकदा ही तपासणी करून कागद फलकावर लावला तर प्रत्येक घराचा फायदा होईल.

पाणी जड असेल तर आतून काचेसारखा मुलामा दिलेली टाकी आणि त्यात मॅग्नेशियमची कांडी असलेला गिझर घ्यावा. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. म्हणून वर्षातून एकदा तो उघडून कांडी पाहावी आणि क्षार काढावेत. थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांवर ठेवावा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज लागते, ५० अंशांवर नेण्यास सुमारे ०.४५. बिल वाचते आणि थरही कमी बसतो.

जागेची पारख

२५ लिटरचा गिझर भरल्यावर पाण्याचेच वजन २५ किलो होते, शिवाय टाकीचे वेगळे. चार इंची कच्च्या भिंतीवर साध्या स्क्रूने तो टांगणे म्हणजे डोक्यावर दगड टांगणे. भिंत पक्की हवी आणि बोल्ट योग्य हवेत. अंघोळीला बसतो त्याच्या बरोबर वर किंवा शॉवरचे पाणी उडेल तेथे गिझर नको. खाली दुरुस्तीसाठी हात जाईल एवढी जागा सोडावी.

बटण न्हाणीघराबाहेर असावे. २००० वॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो, म्हणून १६ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला साजेशी तांब्याची वायर हवी. पंख्याच्या वायरीतून जोड काढू नये. अर्थिंग खरोखर चालते का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पाण्यात वीज उतरली तर तो क्षणात पुरवठा तोडतो. बंद टाकीत पाणी नसताना बटण दाबू नये. जेथे नळाला पाणी रोज येत नाही, तेथे ही सवय फार महत्त्वाची आहे.

एका नातलगाच्या घरी आम्ही पाहिले की गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला लाकडी बूच मारले होते. विचारले तर उत्तर मिळाले, "ठिबकत होता, म्हणून प्लंबरने बंद करून दिला." पाणी तापताना फुगते आणि जादा दाब त्या वाटेने बाहेर पडतो. ती वाट बंद करून थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटू शकते. आम्ही तेथेच बटण बंद करायला लावले. दुसऱ्या दिवशी नवा व्हॉल्व्ह बसला. खर्च किरकोळ होता, पण त्या घरात लहान मुले अंघोळ करत होती.

गॅस गिझरचा धोका

वीज महाग म्हणून अनेक जण गॅस गिझर घेतात आणि तो थेट न्हाणीघरात लावतात. बंद जागेत हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध पडतो आणि दाराला आतून कडी असते. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा असाच मृत्यू झाला. म्हणून गॅस गिझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी असावेत. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. अशी जागा नसेल तर गॅस गिझर घेऊच नये.

दुकानदाराची जबाबदारी

आमच्या समाजातील कितीतरी तरुण प्लंबिंग, वायरिंग आणि विजेच्या सामानाच्या कारोबारात आहेत. त्यांना आमचे सांगणे आहे की, गिऱ्हाईकाला जागा आणि पाणी विचारल्याशिवाय गिझर देऊ नका. न्हाणीघर बंद आहे हे माहीत असून गॅस गिझर विकणे म्हणजे मालाचा ऐब झाकून विकणे होय. धान्याच्या ढिगात ओला माल खाली लपवणाऱ्या व्यापाऱ्याला हजरत पैगंबर (स.) यांनी दिलेली ताकीद आपण सारे जाणतो. खरे बोलल्याने एखादे गिऱ्हाईक परत जाईल, पण ज्याला तुम्ही वाचवले तो दहा घरे घेऊन येईल.

वाचकांनीही खोके घरी आणण्यापूर्वी एकदा भिंतीवर हात ठोकून पाहावा आणि बाटलीत साबण हलवून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे. त्यानंतर लिटर विचारा आणि भाव करा.