नौदलात अधिकारी व्हायचंय, पण शाखा कोणती?



दहावीचा निकाल लागला की आपल्या कुरकुंभ-दौंड भागात 'डिफेन्स'चा विषय बऱ्याच घरांत निघतो. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, त्यामुळे भरती, मैदान, पळणं हे शब्द आपल्या मुलांना लहानपणापासून माहीत असतात. लष्करात गेलेलं कुणीतरी ओळखीत असतंच. नौदलाचं तसं नाही. समुद्र लांब आणि विचारायला माणूस नाही. मग एखादी मुलगी 'मला नेव्हीत ऑफिसर व्हायचंय' म्हणाली की घरात दोन प्रश्न येतात: परीक्षा कोणती आणि ब्रँच कोणती? परीक्षेची माहिती मोबाइलवर पाच मिनिटांत मिळते. ब्रँचबद्दल मात्र जो तो आपापल्या अंदाजाने सांगतो, म्हणून आज त्याबद्दल लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. अग्निवीर म्हणून होणारी भरती वेगळी आणि अधिकारी होणं वेगळं. अग्निवीराचं प्रशिक्षण ओडिशातल्या 'आयएनएस चिल्का' इथे होतं. अधिकारी व्हायला बारावीनंतर मुख्य दोन वाटा आहेत. एक एनडीएची, म्हणजे आपल्या खडकवासल्याची. यूपीएससीची ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि तिला मुलाचं वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस लागतं. दुसरी वाट बी.टेक. कॅडेट एन्ट्रीची. तिथे जेईई मेनच्या गुणवत्तेवर मुलाखतीला बोलावतात आणि शिक्षण केरळमधल्या एझिमला इथल्या नौदल अकादमीत होतं. मुलाखत दोन्हीकडे एसएसबीचीच. पदवीनंतरच्या वाटाही आहेत: कायदा, लॉजिस्टिक्स, माहिती तंत्रज्ञान, शिक्षण, हवाई वाहतूक नियंत्रण वगैरे. तिथे पदवीचा विषयच शाखा ठरवतो, म्हणून त्यात फार गुंतागुंत नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, आणि ती नीटची वेगळी कथा.

आता मुख्य गोष्ट. बारावीनंतर जाणाऱ्या मुलासमोर साधारण तीन शाखा येतात: एक्झिक्युटिव्ह, इंजिनिअरिंग आणि इलेक्ट्रिकल. नावं ऐकून पालकांना वाटतं, पहिली ऑफिसातली असेल आणि बाकीच्या दोन 'टेक्निकल', म्हणजे चांगल्या. इथेच फसगत होते.

आपल्या एमआयडीसीतला कुठलाही केमिकल प्लांट डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळीला शिफ्ट इन्चार्ज असतो. कुठली बॅच चालवायची, कधी थांबवायची, गडबड झाली तर सायरन कधी द्यायचा, हे तो ठरवतो आणि जबाबदारीही त्याच्यावरच येते. दुसरा मेकॅनिकल मेंटेनन्सवाला: पंप, बॉयलर, कॉम्प्रेसर, गळणारा व्हॉल्व्ह. तिसरा इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटवाला: पॅनेल, मोटर, सेन्सर, कंट्रोल रूममधले पडदे. तिघांपैकी एक जरी नसला तरी प्लांट बंद.

जहाजावर जवळपास हीच मांडणी असते. एक्झिक्युटिव्ह शाखेचा अधिकारी ब्रिजवर उभा राहून जहाज हाकतो, दिशा ठेवतो, तोफा-क्षेपणास्त्रं वापरायचा निर्णय त्याच्या साखळीत होतो. इंजिनिअरिंगचा अधिकारी जहाजाला चालतं ठेवतो. 'आयएनएस विक्रमादित्य' वाफेवर चालते, तिथे आठ बॉयलर आहेत. 2022 मध्ये नौदलात आलेली नवी 'विक्रांत' गॅस टर्बाइनवर चालते. इलेक्ट्रिकलकडे वीजनिर्मिती तर असतेच, शिवाय रडार, सोनार आणि शस्त्रांची सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही त्यांच्याकडेच. त्यामुळे 'इलेक्ट्रिकल म्हणजे वायरमनचं काम' असं कुणी म्हणालं तर समजावून सांगा.

हे सगळ्या पालकांना पटतं. पण एक गोष्ट सांगितली की बहुतेक जण गप्प होतात. समुद्रावर जहाजाची कमान एक्झिक्युटिव्ह शाखेच्या अधिकाऱ्याकडेच जाते. इंजिनिअर कितीही हुशार असो, युद्धनौकेचा कॅप्टन होत नाही. आजवरचे सगळे नौदलप्रमुख एक्झिक्युटिव्ह शाखेतलेच. तांत्रिक शाखेतला अधिकारी व्हाइस अ‍ॅडमिरलपर्यंत जाऊ शकतो आणि नौदलाच्या सगळ्या सामग्रीची जबाबदारी सांभाळू शकतो, ही काही लहान गोष्ट नाही. पण ज्या मुलाच्या डोक्यात 'माझं जहाज' असं चित्र आहे, त्याला घरच्यांनी 'रिटायर झाल्यावर नोकरी मिळेल' म्हणून इंजिनिअरिंगकडे वळवलं, तर त्याला ते पुढची वीस वर्षं टोचत राहील. उलटही तेवढंच खरं. मशीन उघडून बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, त्याला केवळ पांढऱ्या गणवेशाच्या रुबाबासाठी ब्रिजवर उभं करण्यात काय अर्थ?

आपल्या भागातल्या मुलांचा ओढा इंजिनिअरिंगकडे जास्त असणार, आणि त्यात गैर काही नाही. ज्यांच्या घरात रोज प्लांटच्या, ब्रेकडाउनच्या गप्पा चालतात, त्या मुलांना यंत्राची भीती नसते. आणि नौदलाचं सागरी अभियांत्रिकीचं मोठं प्रशिक्षण केंद्र 'आयएनएस शिवाजी' आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला आहे. ते 1945 पासून तिथे आहे. कुरकुंभच्या वाचकांना आणखी एक गोष्ट नक्की आवडेल: अणु, जैविक आणि रासायनिक हल्ल्याला तोंड द्यायचं शिक्षण देणारं 'अभेद्य' नावाचं केंद्रही तिथेच 2019 मध्ये सुरू झालं. वायुगळतीचं मॉकड्रिल पाहत वाढलेल्या मुलाला तिथलं काम वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. इलेक्ट्रिकलवाले जामनगरला 'आयएनएस वालसुरा'त शिकतात.

शाखा नक्की कधी ठरते? अर्ज भरताना नाही, हे आधी लक्षात घ्या. एनडीएच्या अर्जात नौदल, लष्कर, हवाई दल असा पसंतीक्रम असतो. नौदलातली शाखा पुढे प्रशिक्षणात मिळते. ती देताना मुलाची पसंती, त्याची गुणवत्ता, वैद्यकीय पात्रता आणि नौदलाची गरज या सगळ्यांचा हिशेब होतो. बी.टेक. एन्ट्रीतही मेकॅनिकल मिळेल की इलेक्ट्रॉनिक्स, हे नौदलाच्या गरजेप्रमाणे ठरतं. म्हणून मुलाशी बोलताना 'तू अमुकच हो' असं म्हणू नका. पहिली पसंती कोणती, ती मिळाली नाही तर दुसरी कोणती, आणि दोन्हींची कारणं काय, एवढं त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. एसएसबीतही विचारतात, की हेच का? पाठ केलेलं उत्तर तिथे लगेच उघडं पडतं.

एक्झिक्युटिव्ह मिळालं तरी निवड संपत नाही. किंबहुना 'स्पेशलायझेशन' म्हणतात ते इथूनच पुढे. तरुण अधिकारी आधी काही वर्षं जहाजावर पाळी सांभाळायला शिकतो, एकट्याच्या जबाबदारीवर ब्रिज सांभाळायची पात्रता मिळवतो, आणि मग तोफखाना-क्षेपणास्त्र, पाणबुडीविरोधी युद्ध, नौकानयन किंवा संदेशवहन यांपैकी एखाद्या विषयाचा दीर्घ अभ्यासक्रम करतो. पाणबुडी, पाणबुड्यांचं, म्हणजे डायव्हर्सचं काम, जलमापन, वैमानिक, हे रस्ते आणखी वेगळे. म्हणजे दहावीतल्या मुलाने 'मी पाणबुडीतच जाणार' म्हटलं तर हसू नका, पण तो निर्णय अजून बराच लांब आहे हे सांगा.

यात कुठलाही रस्ता दुय्यम नाही. 1987 ते 1990 या काळात नौदलप्रमुख असलेले अ‍ॅडमिरल जयंत नाडकर्णी नौकानयनातले तज्ज्ञ होते. 1998 ला प्रमुख झालेले अ‍ॅडमिरल सुशील कुमार जलमापनातून, म्हणजे समुद्राचा तळ मोजून नकाशे करणाऱ्या विभागातून आलेले. ही शाखा मुलं सहसा यादीत शेवटी लिहितात! 2019 ला प्रमुख झालेले अ‍ॅडमिरल करमबीर सिंग हेलिकॉप्टरचे वैमानिक. त्यांचं शालेय शिक्षण नाशिकजवळच्या देवळालीतलं. 1971 च्या युद्धात 'कमोर्टा' युद्धनौकेची कमान सांभाळून वीरचक्र मिळवणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर औटी संदेशवहनातले. ते निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहिले, म्हणजे तसे आपले शेजारीच. शिडाच्या बोटीतून भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांनी धरून ठेवली आणि 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून ती पुरी केली. दोंदे नौदलात डायव्हर होते. समुद्रापासून इतक्या लांब, दुष्काळी पट्ट्यात बसून हे चालू होतं, हे वर्गात जरूर सांगा.

मग आत्ता, दहावीत, ठरवायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी, कारण या दोन नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

पहिली म्हणजे गणित. अकरावीला सायन्स घेऊन गणिताऐवजी फक्त जीवशास्त्राचा गट घेतला की एनडीएची नौदलाची वाट बंद. तिथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. 'गणित जड जातं, सोडून दे' असा सल्ला आपण शिक्षकच फार सहज देतो. दहावीनंतर डिप्लोमा करून लवकर कंपनीत लागायचं, ही आपल्याकडची रूळलेली वाट आहे. ती वाईट नाही, पण त्या मुलाला अधिकारी व्हायचं तर पुढे अभियांत्रिकीची पदवी पूर्ण करून यावं लागतं. मुलींच्या पालकांनी तर हे विशेष ऐकावं. एनडीएत मुलींची पहिली तुकडी 2022 ला दाखल झाली आणि मे 2025 मध्ये 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. 'मुलगी आहे, गणित कशाला' हे आता चालणार नाही.

दुसरी गोष्ट डोळे. चष्म्याच्या नंबराची मर्यादा शाखेनुसार बदलते आणि वैमानिकासाठी ती फार कडक असते. नेमके आकडे त्या वर्षीच्या जाहिरातीत बघावेत. पण रंग ओळखण्याची तपासणी आत्ताच करून घ्या. रात्री समोरच्या जहाजाच्या डाव्या बाजूला लाल दिवा दिसतो आणि उजव्या बाजूला हिरवा; ते जहाज कुठे तोंड करून चाललंय हे त्या दोन रंगांवरून कळतं. लाल-हिरव्यात गल्लत होणाऱ्या मुलाला, आणि हा दोष मुलींपेक्षा मुलांत बराच जास्त असतो, स्वतःला ते कळतसुद्धा नाही. ठिपक्यांमधले आकडे वाचायची इशिहारा चाचणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. दोन वर्षं क्लास लावून, एसएसबी पास होऊन मग वैद्यकीय तपासणीत हे समजण्यापेक्षा आठवी-नववीत समजलेलं बरं. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येईल तेव्हा त्यांनाही विचारून पाहा.

आणि जमलं तर मुलांना एकदा जहाज दाखवा. 4 डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत शाळांसाठी युद्धनौका खुल्या करतात. दौंडहून पहाटेची गाडी धरली तर एका दिवसात होतं. तिथे गेल्यावर मुलांना काही समजावत बसू नका. ब्रिजवर कोण रेंगाळतंय, कोण खाली इंजिनरूमचा जिना शोधतंय आणि कोण रडारच्या पडद्यासमोरून हलत नाहीये, एवढं लिहून ठेवा.