मॉड टाकताना ‘ॲक्सेस डिनाइड’ का येतं?

हायस्कूल-कॉलेजात गेलेले आपले माजी विद्यार्थी हल्ली अभ्यासापेक्षा गेमबद्दल जास्त विचारतात. नेहमीचा प्रश्न म्हणजे, स्कायरिममध्ये मॉड टाकायला गेलं की ‘ॲक्सेस डिनाइड’ येतं, काय करू? (हा गेम मोठ्यांसाठीचा आहे, लहानांनी याच्या नादी लागू नये.) मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स. बहुतेक वेळा त्या खेळाडूच तयार करतात.

हा संदेश आला म्हणजे मॉड खराब आहे किंवा कॉम्प्युटर बिघडला, असं समजू नका. शाळेचं जनरल रजिस्टर आठवा. दाखल्यासाठी त्यातली नोंद बघता येते, पण त्यात खाडाखोड करायला कुणालाही देत नाहीत. सी ड्राइव्हवरचं ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर तसंच आहे. वाचायला सगळ्यांना मोकळं, लिहायला मात्र ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी. 2007 साली विंडोज व्हिस्टा आलं तेव्हापासून, तुमचं खातं ॲडमिनचं असलं तरी प्रोग्रॅम साध्या अधिकारांवरच चालतो आणि जास्तीचे अधिकार हवे असले तर आधी विचारतो. स्टीम नेहमीच्या पद्धतीने टाकलं की गेमसुद्धा याच फोल्डरात जाऊन बसतो. स्टीम स्वतःच्या फोल्डरपुरती सवलत मिळवतं खरं, पण ती प्रत्येक वेळी टिकतेच असं नाही.

मग मुलं काय करतात? मॉड मॅनेजरवर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. काम होतं, पण मला हा उपाय पटत नाही. अनोळखी माणसाने बनवलेल्या फाइल्स हाताळणाऱ्या प्रोग्रॅमला आपण सगळ्या घराच्या किल्ल्या देतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर वडिलांचे बँकेचे कागद असतात. व्होर्टेक्स हा मॉड मॅनेजर तर असा चालवला की स्वतःच इशारा देतो. अँटीव्हायरस बंद करणं हा तर उपायच नव्हे.

खरा उपाय म्हणजे गेमच त्या फोल्डरातून बाहेर काढायचा. आधी व्होर्टेक्समध्ये ‘पर्ज’ करून मॉड काढून घ्या. नंतर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’मध्ये जाऊन डी ड्राइव्ह जोडा. मग गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’ आणि ‘मूव्ह इन्स्टॉल फोल्डर’. मॉड साठवायचं फोल्डरही त्याच ड्राइव्हवर घ्या, कारण व्होर्टेक्सची नेहमीची पद्धत एकाच ड्राइव्हवर चालते. सेव्ह केलेला खेळ ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असतो, त्याला धक्का लागत नाही. दुसरा ड्राइव्हच नसेल तर स्टीम सी ड्राइव्हवरच वेगळ्या फोल्डरात नव्याने टाकावं लागतं. पण थांबा! स्टीम अनइन्स्टॉल केलं की त्यातले गेमही पुसले जातात, म्हणून ‘स्टीमॲप्स’ फोल्डर आधी बाजूला काढून ठेवा.

डी ड्राइव्हवर असूनही अडतंय? विंडोज नव्याने टाकलं असेल तर जुन्या फाइल्सची मालकी जुन्या खात्याकडेच राहिलेली असू शकते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘सिक्युरिटी’, ‘ॲडव्हान्स्ड’ असं जाऊन ‘ओनर’पुढचं ‘चेंज’ दाबा, आपलं नाव टाका आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करायची खूण करा. मग ‘सिक्युरिटी’मध्येच आपल्या नावाला ‘मॉडिफाय’ची परवानगी द्या. हे फक्त गेमच्या फोल्डरला करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हला केलंत तर विंडोजच आजारी पडेल.

‘रीड-ओन्ली’च्या चौकोनाशी झटापट करू नका. फोल्डरच्या बाबतीत तो फक्त आतल्या फाइल्सपुरता असतो, आणि काढला तरी पुन्हा भरलेला दिसतो.

एक शेवटची शक्यता. अडचण ‘डॉक्युमेंट्स’मधल्या सेटिंगच्या फाइल्सपुरतीच असेल तर विंडोज सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ चालू आहे का ते बघा. असेल तर ते बंद न करता, परवानगीच्या यादीत तेवढा गेम आणि मॉड मॅनेजर जोडा.