घाट दगडाचा, ओझं गाळाचं!

पूर ओसरला की काशीच्या अहिल्याबाई घाटावर पायऱ्या शोधाव्या लागतात. गंगा खाली उतरते, पण जाताना करड्या, निसरड्या गाळाचा जाड थर मागे ठेवून जाते. मग सुरू होते फावड्यांची आणि पंपांची घाई. कारण हा गाळ ओला आहे तोवरच धुता येतो. उन्हानं वाळला की कुदळीशिवाय हलत नाही. नावाडी, पुरोहित, फुलं विकणारे अशा सगळ्यांची चूल या पायऱ्यांवर पेटते. त्यात पुढ्यात छठपूजा आणि कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी! म्हाताऱ्या यात्रेकरूचा पाय घसरला, तर ते पाप कोणाच्या माथी?

बांधकामाच्या दृष्टीनं गाळासारखा कुचकामी माल दुसरा नाही. गवंडी वाळू घेताना मूठभर वाळू पाण्याच्या बाटलीत टाकून हलवतो. जड वाळू तळाशी बसते आणि तिच्यावर गाळाचा थर जमतो. थर जाड दिसला, की वाळूचा ट्रक परत! काँक्रीटच्या नैसर्गिक वाळूत अतिसूक्ष्म कण ३ टक्क्यांहून जास्त नसावेत, असं भारतीय मानक सांगतं. हे बारीक कण वाळूच्या दाण्यांना चिकटून बसतात. मग सिमेंटची पकड सुटते आणि भिंतीला तडे जातात.

घराघरांतली मुलं हाच धडा कॉम्प्युटरवर गिरवतात. २०११ साली बाजारात आलेल्या ‘माइनक्राफ्ट’ या गेममध्ये ठोकळे रचून घरं, किल्ले, अख्खी शहरं उभारता येतात. २०२३पर्यंत या गेमच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्यात सगळ्यात स्वस्त माल म्हणजे माती. खणावं तिथे ढीगभर मिळते, म्हणून तिला किंमत नाही. पहिल्या रात्रीपुरतं मातीचं खोपटं बांधायचं आणि दगड हाती आला की ते मोडायचं, ही बहुतेकांची रीत. पण २०२२मध्ये गेममध्ये चिखल आला. मातीवर पाणी ओतलं की चिखल, त्यात गहू मिसळला की घट्ट गारा आणि त्यातून विटा! आपल्याकडे भुसा घालून चिखल तुडवणाऱ्यांना यात नवल ते काय वाटणार?

अहिल्याबाई होळकरांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा घाट आणि त्यावरचा वाडा उभा राहिला. काशीच्या घाटांना बहुतांशी दगड लागला तो चुनारचा. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या चुनारहून तो नावांनी आणता येई. गंगेशी दरवर्षी झुंजायचं तर दगडच हवा. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर. १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरवर चढलं होतं! पण नुसता दगड असूनही भागत नाही. जवळच्याच शिंदे घाटाचं पहिलं बांधकाम एकोणिसाव्या शतकात स्वतःच्याच वजनानं खचलं. तिथलं कललेलं रत्नेश्वर मंदिर आजही त्या काठाच्या मऊ जमिनीची साक्ष देतं.

मग गाळ खरंच बिनकामाचा का? छठपूजेला बायका काशीच्या घाटांवर याच मातीच्या वेद्या रचतात. चहाचा कुल्हड आणि दुर्गेची मूर्तीही नदीकाठच्या मातीतूनच घडते. महाराष्ट्रात २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावातला गाळ शेतात नेला जातो. मुरमाड रानाला तो सोन्यासारखा!

घाटावर मात्र अडचण दुहेरी आहे. आटलेल्या तलावात ट्रॅक्टर उतरतो. इथे मागे उभ्या पायऱ्या आणि त्यामागे अरुंद गल्ल्या. गाळ वर चढवायचा म्हणजे माणसांच्या डोक्यावरून. त्यामुळे पंपाच्या फवाऱ्यासरशी बराचसा गाळ पुन्हा गंगेतच जातो. दुसरी अडचण माणसाची. गाळात प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, जुने कपडे अडकलेले असतात. असला गाळ कुंभाराला चालत नाही आणि शेतकऱ्यालाही. नदीनं आणलेली माती चांगलीच असते. तिला कचरा बनवते ती आपली पिशवी.

पुढच्या पावसाळ्यात गंगा हा माल पुन्हा आणून टाकणार. फुकट आणि थेट पायरीपर्यंत! त्यात वेदी लिंपायची की नुसताच फवारा मारायचा, हे पायरीवर उभं राहून हातातली पिशवी पाण्यात सोडणाऱ्यावरही अवलंबून आहे.