सतरा वर्षांचा मारेकरी

ओतोया यामागुचीचा जन्म १९४३ चा. महायुद्ध संपलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. ज्या सम्राटभक्तीपायी त्याने पुढे जीव घेतला आणि स्वतःचाही दिला, तिचं राज्य त्याने पाहिलंच नव्हतं. ते त्याच्यापर्यंत ऐकीव आलं होतं. वडील स्वसंरक्षण दलात अधिकारी. उजव्या विचारांची ओढ थोरल्या भावामुळे लागली आणि सोळाव्या वर्षी ओतोया बिन आकाओ यांच्या ‘महाजपान देशभक्त पक्षा’त दाखल झाला. आकाओ रस्त्यावर उभे राहून कम्युनिस्टांवर आग ओकत; ओतोयासारखी पोरं डाव्यांच्या मोर्च्यांवर धावून जात. त्याला अनेकदा अटक झाली, आणि सुटला की तो पुन्हा तिथेच जाई.

१९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो जपानी रस्त्यावर आले. जूनमध्ये संसदेच्या आवारातल्या झटापटीत मिचिको कान्बा ही विद्यार्थिनी मरण पावली. पंतप्रधान किशी पायउतार झाले, करार मात्र टिकला. तरी ओतोयाला देश कम्युनिस्टांच्या घशात चाललाय असंच वाटत होतं. आकाओंचा पक्षही त्याला मवाळ वाटू लागला आणि मे महिन्यातच त्याने तो सोडला होता.

समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा यांनी १९५९ मध्ये चीनला जाऊन ‘अमेरिकी साम्राज्यवाद हा दोन्ही देशांचा शत्रू’ असं म्हटलं होतं. १२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योच्या हिबिया सभागृहात ते भाषण करत असताना ओतोया आखूड तलवार घेऊन मंचावर धावला आणि त्याने त्यांना ठार केलं. यासुशी नागाओ यांनी तो क्षण टिपला आणि त्या छायाचित्राला पुलित्झर मिळालं. मला मात्र त्या एका क्षणापेक्षा त्याआधीचं दीड वर्ष जास्त अस्वस्थ करतं. एवढ्या अटका झाल्या, पण त्या मुलाला थांबवणारं मोठं माणूस कुणी भेटलंच नाही.

२ नोव्हेंबरला त्याने बालगुन्हेगारांच्या कोठडीत गळफास घेतला. भिंतीवर टूथपेस्टने सम्राटाचा जयघोष लिहिलेला होता. उजव्या गटांनी त्याला हुतात्मा केलं. आकाओ १९९० पर्यंत जगले, भाषणं करत राहिले.

दहशत मात्र लगेच पसरली. फेब्रुवारी १९६१ मध्ये, राजघराण्याचा अवमान करणारी कथा छापली म्हणून, आणखी एक सतरा वर्षांचा मुलगा ‘चुओकोरोन’ मासिकाच्या प्रकाशकांच्या घरात घुसला. प्रकाशक घरी नव्हते. त्यांची मोलकरीण मारली गेली. त्याच सुमारास केन्झाबुरो ओए यांनी ओतोयावरून बेतलेली दोन भागांची कथा लिहिली. धमक्या आल्या, ती छापणाऱ्या मासिकाने माफी मागितली. दुसरा भाग ओए यांच्या जपानी पुस्तकांत यायला २०१८ साल उजाडावं लागलं.